पाणी, तेल आणि फवारणीचे औषध



मीठ पाण्यात टाकले की दिसेनासे होते. तेल मात्र कितीही घुसळले तरी वर येऊन तरंगते. याचे कारण समजून घेतले तर शेतातले नुकसान टळेल आणि एखाद्या वेळी जीवही वाचेल, म्हणून आम्ही या अंकात हा विषय घेत आहोत.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण विद्युतभार, तर हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार असतो. ऋणाला धनाची ओढ असल्याने हे रेणू एकमेकांना धरून राहतात. मिठाचे कणही धन व ऋण भाराचे असतात. पाणी त्यांना वेढून सुटे करते. साखर व युरिया यांच्या रेणूंनाही अशी टोके असतात, म्हणून तेही विरघळतात. तेल, रॉकेल व मेण यांत असा भार जवळजवळ नसतो. पाण्याचे तेलाशी वैर नाही. पाण्याचे रेणू आपापसातील पकड सोडत नाहीत, म्हणून तेल बाजूला पडते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला व दुसरे तेलाला धरते. म्हणून साबणाने तेलकटपणा निघतो.

आता शेताकडे वळू. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्यावर मेणचट थर असतो. भात व कोबी यांच्या पानांवरही असा थर असतो. अशा पिकांवर औषध पसरून टिकावे म्हणून शिफारशीप्रमाणे स्टिकर मिसळतात.

युरियाचे उलट आहे. जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो. जमिनीत त्यापासून होणारे नायट्रेटही पाण्यात विरघळून विहिरीपर्यंत झिरपू शकते. असे पाणी तान्ह्या मुलांना घातक असते, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. म्हणून युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरोग्याची. पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होणारी औषधे मुळात तेलकट असतात. आपल्या कातडीतही स्निग्धांश असतो, त्यामुळे असे विष जखम नसतानाही कातडीतून आत शिरते. नुसत्या पाण्याने ते पुरते निघत नाही. म्हणून :

१. औषध अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब उतरवून साबण व भरपूर पाण्याने धुवावे.
२. हात रॉकेलने धुऊ नयेत, तेलही चोळू नये. त्याने विष अधिक आत जाऊ शकते.
३. डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे.
४. पोटात गेल्यास आपल्या मनाने ओकारी काढू नये, दूध-तेल पाजू नये. डबा किंवा त्यावरचे लेबल घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.
५. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

फवारणीला मजूर लावला असेल, तर त्याच्यासाठी बांधावर साबण, पाणी व हातमोजे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. साबणाच्या वडीचे मोल थोडे. पण देवाने दिलेल्या जिवाचे मोल मालकाचे व मजुराचे सारखेच आहे.