वारा की वीज?

ढकलणे आणि ओढणे या मनुष्याच्या हाताच्या दोन अगदी साध्या क्रिया होत. दार लावताना आपण ते ढकलतो. विहिरीतून पाणी काढताना दोर ओढतो. यंत्रांनाही हीच दोन कामे वारंवार करावी लागतात. विजेची मोटर स्वभावतः गोल फिरते. परंतु कारखान्यातील पुष्कळशी कामे सरळ रेषेत पुढे-मागे सरकण्याची असतात. औषधाची बाटली सरकत्या पट्ट्यावरून बाजूला सारावयाची असते, डब्यावर झाकण दाबून बसवावयाचे असते, भोक पाडताना धातूचा तुकडा घट्ट धरून ठेवावयाचा असतो. अशी कामे करणाऱ्या यंत्राच्या हाताला ‘ॲक्चुएटर’ म्हणतात. या हाताला बळ द्यावयाचे ते दाबलेल्या हवेचे की विजेचे, याचा निर्णय यंत्र बनविणाऱ्यास आरंभीच घ्यावा लागतो.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न नेहमीचाच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची एक वसाहत अंधेरीच्या पूर्वेस मरोळ येथे आहे. तिच्या शेजारीच १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यातीसाठी माल तयार करणारे क्षेत्र सुरू झाले. घाटकोपर, मुलुंड, बोरीवली या भागांतही लहान कारखान्यांचे गाळे आहेत. अशा एखाद्या गाळ्यात कानावर पडणारा ‘फुस्स’ असा आवाज हवेच्या हाताचा, आणि बारीक घरघर ही बहुधा विजेच्या हाताची.

हवेचा हात समजण्यास सायकलचा पंप आठवावा. पंपात आपण दट्ट्या दाबतो व हवा बाहेर जाते. कारखान्यातील सिलिंडरात याच्या उलट घडते. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवितो. झडप उघडताच ती नळीवाटे सिलिंडरात शिरते आणि दट्ट्याला पुढे लोटते. दुसऱ्या बाजूने हवा सोडली की दट्ट्या मागे येतो. हे बळ थोडे नसते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम असेल, तर हा मुठीएवढा दट्ट्या सुमारे ११८ किलोग्रॅम भाराइतक्या जोराने ढकलतो. धान्याची पन्नास किलोची दोन पोती उचलूनही त्याचे बळ शिल्लक राहील!

विजेचा हात समजण्यास चकलीचा सोऱ्या पुरेसा आहे. मळसूत्राच्या सोऱ्याची मूठ फिरवावी, तसतसा आतील दट्ट्या हळूहळू खाली उतरतो. मूठ अर्ध्यावर थांबविली, तर दट्ट्याही तेथेच थांबतो. पिठाने कितीही उलट दाब दिला तरी तो मागे सरत नाही. विजेच्या ॲक्चुएटरमध्ये मूठ फिरविण्याचे काम मोटर करते. मळसूत्र फिरते, त्यावरील नट सरळ रेषेत सरकतो आणि नटाला जोडलेला दांडा पुढे-मागे होतो.

या दोन हातांचे स्वभाव भिन्न आहेत. हवेचा हात चपळ, दणकट आणि स्वस्त. मार्गात अडथळा आला तर तो नुसता दाबत राहतो; अशा वेळी मोटर जळते तसा तो जळत नाही. जेथे ज्वालाग्राही वाफ असते, तेथे ठिणगीचे भय नसल्याने हवाच बरी. परंतु त्याला दोन टोकेच ठाऊक असतात. मधोमध, अमुक इतक्या मिलिमीटरवर नेमके थांबणे त्याला सहजासहजी साधत नाही, कारण हवा दाबली जाते व फुगते. विजेचा हात तेथे सरस ठरतो. तो सांगाल तेथे थांबतो, सांगाल त्या वेगाने सरकतो. मात्र त्याची मूळ किंमत अधिक असते.

किंमत पाहताना केवळ खरेदीचा आकडा पाहून चालत नाही. हवा फुकट मिळते, पण दाबलेली हवा फुकट मिळत नाही. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि सिलिंडरापर्यंत तिचा लहानसा अंशच पोचतो. नळ्यांच्या सांध्यांतून हवा गळत असते ती निराळीच. विजेचा हात हालतो तेव्हाच मुख्यतः वीज घेतो. म्हणून कारखान्यात कॉम्प्रेसर आधीच असेल, तर आणखी एक सिलिंडर बसविणे सोयीचे पडते. परंतु एका हातासाठी नवा कॉम्प्रेसर घेणे बहुधा महाग पडते.

मुंबईच्या हवेचा आणखी एक गुण ध्यानात घ्यावा लागतो. तो म्हणजे तिचा दमटपणा. पावसाळ्यात ३० अंश सेल्सिअस तपमानाला एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ सहज असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली, म्हणजे तीत १९२ ग्रॅम वाफ कोंडली जाते. ती हवा पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली, की तीत सुमारे ३० ग्रॅमच वाफ राहू शकते. उरलेल्या १६० ग्रॅमहून अधिक वाफेचे पाणी होते. हे पाणी टाकीतून वेळच्या वेळी काढले नाही, तर ते नळ्यांत शिरते, झडपा गंजवते आणि सिलिंडरातील वंगण धुऊन नेते.

येथवरचा विचार नफ्यातोट्याचा झाला. परंतु याहून मोठा एक प्रश्न आहे, आणि तो समजण्यास उपनगरी रेल्वेसारखे दुसरे उदाहरण नाही.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली. जानेवारी १९२८ मध्ये बोरीवलीपर्यंत विजेच्या गाड्या जाऊ लागल्या. गाडी विजेची असली, तरी तिच्या अंगात वाराही खेळतो. गाडीच्या छपरावर जो पँटोग्राफ असतो व जो वरच्या तारेतून वीज घेतो, तो दाबलेल्या हवेच्या साहाय्याने वर उचललेला असतो. हवेचा दाब गेला, की तो आपोआप खाली बसतो आणि तारेपासून दूर होतो. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील हवा संपली, तर सकाळी वीज मिळावी कशी? त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर असतो. तो पुरेशी हवा दाबतो, पँटोग्राफ वर जातो आणि मग मोठी यंत्रे जागी होतात.

ब्रेकची कथा याहून बोधप्रद आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ साली हवेचा ब्रेक तयार केला. त्यात हवा सोडली म्हणजे ब्रेक लागे. परंतु नळी फुटली किंवा डबे सुटे झाले, तर हवा निघून जाई आणि नेमका संकटाच्या वेळीच ब्रेक निकामी होई. १८७२ साली त्याने रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली आणि नळीतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहील, दाब उतरताच टाकीतील हवा ब्रेकच्या सिलिंडरात शिरेल, अशी झडप बसविली. आता नळी फुटली, तर गाडी थांबते. उपनगरी गाडीत रोजचा ब्रेक विजेच्या संकेताने हवेच्या झडपा हालवून लावला जातो. त्याच्या पाठीशी हा स्वयंचलित ब्रेक उभा असतोच.

दारांचा प्रश्न तर रोजच्या जीवनमरणाचा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले व त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यानंतर नव्या उपनगरी गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ पासून आणि वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून अशा मिटत्या दारांनिशी धावत आहेत. जगात अशी दारे हवेनेही चालविली जातात व विजेनेही. दारात हात किंवा दप्तर अडकले, तर मोटरीवरील भार वाढतो. त्यावरून अडथळा ओळखून दार पुन्हा उघडता येते. हा विजेचा मोठा लाभ होय. परंतु बळ कोणतेही असो, ते नाहीसे झाल्यावर आतील माणसाला दार हाताने उघडता आलेच पाहिजे.

म्हणजे वारा की वीज, हे ठरविण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा: बळ अकस्मात नाहीसे झाले, तर या हाताने काय करावे? ब्रेकने लागावे, पँटोग्राफने खाली यावे, दाराने मोकळे व्हावे. ओझे उचलणाऱ्याने आहे तेथे थांबावे. येथे मळसूत्र उपयोगी पडते. यंत्राखालचा तुकडा धरणाऱ्याने पकड सोडू नये. आणि दुरुस्तीसाठी यंत्र उघडणाऱ्या कामगाराने हेही विसरू नये, की वीज बंद केली तरी टाकीत व नळ्यांत हवा दडून असते. ती सोडून दिल्याविना आत हात घालणे धोक्याचे.

यंत्र चालू असताना कसे वागते, हे कोणालाही दिसते. ते बंद पडताना कसे वागेल, याचा विचार ज्याने आधी केला, त्याच्याच यंत्राजवळ माणूस निर्भयपणे उभा राहू शकतो.

स्वाध्याय

१. सायकलचा पंप आणि कारखान्यातील सिलिंडर यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. ‘हवा फुकट मिळते, पण दाबलेली हवा फुकट मिळत नाही.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. १८६९ आणि १८७२ सालच्या ब्रेकमधील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम असल्यास किती बळ मिळेल?
५. तुमच्या घरातील किंवा परिसरातील एक यंत्र पाहा. त्याचे बळ अचानक नाहीसे झाल्यास ते काय करते व त्याने काय करावयास हवे, यावर आठ-दहा ओळी लिहा.