तलंगा अंड्यावर येताना: हा महिना हातचा घालवू नका



जुलैमध्ये गटातून महिन्याची पिल्लं नेलेल्या घरांतून सध्या एकच विचारणा येते. साडेपाच-सहा महिने झाले, दाणे खाऊन पोतं रिकामं झालं, तलंगा कोंबडीएवढ्या दिसायला लागल्या, पण अंडं कुठंय? आणि नेमक्या याच दिवसांत दारावर कोंबड्या घेणारा येतो. वजन भरलेलं असतं, तो बरा भाव सांगतो, घरात कुणीतरी म्हणतं, नुसतं खायला घालण्यापेक्षा देऊन टाका. हा संदेश त्यासाठीच आहे. सहा महिने सांभाळायचा खर्च तुम्ही केला; आता विकली तर पैसे एकदाच येतील. घरच्या सांभाळावर वनराजा, गिरीराज वर्षाला 100 च्या पुढे अंडी देतात, गावरान साधारण 60 ते 70. नर जास्त झाले असतील तर ते खुशाल विका. 8 ते 10 माद्यांना एक कोंबडा पुरतो, तोही अंडी उबवायची असतील तरच. नुसती खायची-विकायची अंडी कोंबड्याशिवायही येतात.

उशीर का होतोय? एक तर जातीप्रमाणे वेळ लागतो. वनराजा, गिरीराज साधारण साडेपाच ते सहा महिन्यांनी अंड्यावर येतात, गावरान सहा-सात महिने घेते. दुसरं कारण दिवसाचं. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम 11 तासांवर येतो. त्यात थंडी, म्हणजे खाल्लेलं निम्मं अंग गरम ठेवण्यातच जातं. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, तसा तलंगांचा तुराही लाल होत जातो. पंचवीस-तीसपेक्षा जास्त कोंबड्या असतील तर पहाटे खुराड्यात एक एलईडी बल्ब लावून उजेड आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत 14 तासांपर्यंत न्यावा. एकदम वाढवू नये. आणि पहाटेच लावावा. रात्री लावला आणि लाईट गेली तर कोंबड्या दांडीवर न चढता जिथल्या तिथे अंधारात बसतात. आठ-दहा कोंबड्यांसाठी मात्र हा खटाटोप करू नका, थोडी वाट पाहा.

तलंग जवळ आली की नाही हे हाताने कळतं. तुरा आणि गालाखालची लोळी फिकट गुलाबी असतात, त्या लालभडक होतात. तुम्ही जवळ गेलात की ती पळायच्या ऐवजी पंख जरा पसरून जमिनीला दबून बसते. कोपऱ्यात, टोपलीत, कडब्यात शिरून जागा बघते, उगाच कुरकुरते. खात्री करायची तर संध्याकाळी उचलून बघा: शेपटीखाली गुदाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये एक बोटही नीट मावत नसेल तर वेळ आहे. दोन बोटं सहज मावली तर अंडं आठ-पंधरा दिवसांवर आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिली अंडी ती जिथे घालते, पुढेही तिथेच जायची सवय लागते. सध्या तुरी उभ्या आहेत, कडब्याच्या गंजी लागल्यात, कुंपणाला झाडोरा आहे. एकदा का तिने तुरीत जागा धरली की अंडी मुंगसाची, कुत्र्याची आणि कावळ्याची. तुम्ही म्हणाल कोंबडी देतच नाही. बऱ्याच घरांत ती देत असते, आपल्याला मिळत नसतात.

म्हणून पहिलं अंडं यायच्या आधीच जागा तयार ठेवा. टोमॅटोचं जुनं क्रेट, फळांचं खोकं, टोपली, काहीही चालेल. आतून साधारण फूटभर लांब-रुंद असावं. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं. खाली पेंढा किंवा तूस, पुढून अर्ध्यावर गोणपाट सोडा म्हणजे आत अंधार राहतो. बसायच्या दांडीपेक्षा ते खाली ठेवा, नाहीतर रात्री त्यातच झोपून घाण करतात. आत एक प्लॅस्टरचं अंडं किंवा अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा दगड ठेवा. दगड बघून कोंबडी फसते का, असं लोक हसतात, पण फसते. मग आठ-दहा दिवस खुराडं सकाळी 10 नंतरच उघडा, आत पाणी आणि थोडा दाणा ठेवून. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं देतात, त्यामुळे पहिली अंडी खुराड्यात पडतात आणि सवय तिथेच लागते.

खाण्यात बदल हवा, पण वेळेवर. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग अंडं पातळ येतं आणि पुढे कोंबडी पायावर बसते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाईल. तुरे लाल व्हायला लागले की ठेवा, त्याआधी नको, कारण कोवळ्या तलंगेला जास्त कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं. कवच बनायला 20 तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो, म्हणून संध्याकाळी भांडं भरलेलं असलंच पाहिजे. चुरा नसेल तर अंड्याची टरफलं भाजून, अगदी बारीक कुटून द्या. अख्खी टरफलं टाकली तर अंडी फोडून खायची चटक लागते. भिंतीला लावायचा चुना देऊ नका, तो तोंड आणि आतडं भाजतो.

नुसत्या मक्यावर ठेवू नका. मका-बाजरीने चरबी चढते आणि चरबी चढलेल्या तलंगेचं अंडं अडकतं. थोडी शेंगपेंड, हिरवा पाला, उकिरड्यावरचे किडे मिळू द्या. बुरशी आलेली पेंड किंवा मका स्वस्तात मिळाला तरी घालू नका.

मानमोडीची (राणीखेत) लस आठव्या-दहाव्या आठवड्यात राहून गेली असेल तर अंडी सुरू व्हायच्या आत पशुवैद्यकांना विचारून उरका. अंडी चालू असताना ते इंजेक्शन दिलं की अंडी घटतात. जंताचं औषधही आत्ताच. नंतर दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांकडून नक्की विचारून घ्या.

पहिली अंडी लहान असतात, कधी बिनकवचाची, कधी दोन बलकांची, कधी टरफलावर रक्ताची रेघ. एक दिलं की चार दिवस खाडा. तीन-चार आठवडे असं चालतं, घाबरू नका. ही छोटी अंडी घरातल्या पोरांना खाऊ घाला. उबवायला मात्र ठेवू नका, पिल्लू बारीक निघतं. दोन महिने जाऊ द्या.

घाबरायचं ते वेगळं. तलंग फुगून बसली, कण्हते, शेपूट खालीवर करते, पण अंडं येत नाही, तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात पोटापर्यंत 15-20 मिनिटं बसवा, गुदाला खायचं तेल लावा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पोट दाबू नका. अंडं आत फुटलं तर ती जाते. संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही तर डॉक्टरांना बोलवा. मागून लाल मांस बाहेर आलं असेल तर ताबडतोब वेगळी करा, नाहीतर बाकीच्या टोचून मारतात.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा, टोकदार बाजू खाली ठेवा आणि पेन्सिलीने तारीख टाका. कुंपणात सापडलेलं अंडं पाण्यात सोडून बघा: तरंगलं तर टाकून द्या.

शिंपल्याचा चुरा किंवा प्लॅस्टरची अंडी हवी असतील तर किती कोंबड्यांसाठी, ते शुक्रवारपर्यंत आपल्या गटप्रमुखांना सांगा.