जुन्या मोटारीचें अंतरंग

विद्यार्थिमित्रहो, जुनी वस्तु नवी करणें निराळें आणि ती मूळची जशी होती तशी करणें निराळें. पहिल्यास पैसा पुरतो. दुसऱ्यास अभ्यास लागतो. हा भेद आम्ही मोटारीच्या उदाहरणानें स्पष्ट करूं.

मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणारी फियाट ११०० हीच पुढें १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेली व २० वर्षांची मर्यादा भरतांच २०२३ मध्यें ती सेवेंतून निवृत्त झाली. आतां अशी गाडी कोणाच्या घरीं असल्यास तिच्या गाद्या, दारांचे रेक्झिनचे पुठ्ठे व छताचें कापड मूळचें आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें?

प्रथम वय पाहावें. नोंदणी-पुस्तकांतील सन आणि चासीवरील क्रमांक ताडून मग त्याच काळची कारखान्याची सुट्या भागांची यादी शोधावी. नांव एकच असलें तरी आंतील काम कालमानानें बदलतें.

दुसरें, झांकलेल्या जागा पाहाव्या. उन्हानें रंग विटतो. परंतु बैठकीखालीं, कांच फिरविण्याच्या मुठीमागें व छताच्या दिव्याआड ऊन पोंचत नाहीं. तेथें पहिला रंग सांपडतो.

तिसरें, छिद्रें मोजावीं. पुठ्ठ्याच्या कडेस टांचणीच्या छिद्रांच्या दोन ओळी असून रेक्झिनवर एकच असेल, तर रेक्झिन मागाहून बदललेलें आहे असें समजावें. डावें व उजवें दार ताडून पाहिलें असतां हा निर्णय दृढ होतो. बाजारांतील तुकडा नेमका बसला, एवढ्यानें तो मूळचा ठरत नाहीं.

जुलै २०२१ च्या महापुरांत सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें, तेव्हां चिखलानें माखलेलें सामान रस्त्यावर टाकण्यावांचून लोकांस गत्यंतर नव्हतें. महाड-पोलादपुराकडील दमट हवेंत एरव्हींही पुठ्ठा फुगतो व रेक्झिन तडकतें. तथापि कुजलेला तुकडाही लगेच टाकूं नये. तो वाळवून, कोठला तें लिहून ठेवावा. कारण कुशनवाल्यास माप, शिवण व टांक्यांचें अंतर त्यावरूनच कळतें. तो गेला कीं साक्षीदारच गेला.

शेवटीं एक गोष्ट पालकांनींही ध्यानांत ठेवावी. जें नवें बसविलें तें नवें म्हणूनच सांगावें. उत्तम नक्कल करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु नकलेस अस्सल म्हणून विकण्यांत आहे.