टॅब कुठे ठेवायचे

चि. ओंकार,

खुर्चीच्या पायांचं ड्रॉइंग पाहिलं. वळण सुरेख साधलं आहेस. टॅब, म्हणजे भागाला शीटशी धरून ठेवणारे न कापलेले पूल, मात्र सॉफ्टवेअरने आपोआप, सारख्या अंतरावर टाकलेले दिसतात. ते सगळे पुसून टाक आणि एकेक टॅब विचार करून स्वतः बसव.

शेवटच्या फेरीत राउटरचा बिट आरपार गेला की भाग शीटपासून सुटतो. तो जरासा सरकला तरी बिटाखाली सापडतो. कडेला खाच पडते, बिट मोडतो, आणि तुकडा लहान असेल तर अंगावर उडतो. व्हॅक्यूम टेबल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्याची पकड तुकड्याच्या क्षेत्रफळावर ठरते, शिवाय कापलेल्या फटींतून हवा शिरत राहते. त्यात अप-कट बिट लावलास तर तो भागाला वरच खेचणार.

18 मिमी प्लाय 6 मिमीच्या बिटाने कापताना साधारण 8 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड टॅब ठेव. इथे नीट बघ: काही सॉफ्टवेअर रुंदी बिटाच्या मध्यापासून मोजतात. तिथे 6 लिहिलंस तर बिट दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर खातो आणि टॅब उरतच नाही. 18 चा म्हणून आणलेला प्लाय बऱ्याचदा 18 भरत नाही, तेव्हा व्हर्नियर लावून जाडी मोज, मगच आकडा भर.

आता जागा. जिथे पटाशी सरळ बसेल, अशी सरळ कड निवड. गोलाईवर टॅब ठेवलास तर ती घासून पूर्ववत करताना आकारच बिघडतो. आतल्या कोपऱ्यात पटाशी पोहोचत नाही. आणि सांध्याच्या कुसावर टॅब नकोच नको. राहिलेला उंचवटा सांधा पुरता बसू देत नाही. तुझा पाय लांब आणि अरुंद आहे, म्हणून दोन्ही टोकांजवळ समोरासमोर टॅब हवेत, नाहीतर कापताना तो थरथरेल आणि कडेवर लाटा उमटतील. पुढे हाच पाय सागवानात कापशील तेव्हा लाकडाच्या रेषा पाहा. फळीच्या टोकाकडच्या टॅबमधून रेषा आरपार जातात, म्हणून तो मजबूत राहतो. लांब कडेवरचा टॅब रेषेच्या आडवा, तो चटकन तुटतो. तिथे जाडी थोडी वाढव.

आतल्या खिडक्या आधी काप, बाहेरची कड शेवटी. खिडकीतल्या टाकाऊ तुकड्यालाही टॅब दे, मोकळा झाला की तोही उडतो.

भाग हाताने पिळून कधीच सोडवू नकोस. टॅबबरोबर खालचा व्हिनियर सालीसारखा निघून येतो. बारीक करवतीने टॅब काप, मग पटाशी किंवा बेअरिंगचा फ्लश ट्रिम बिट फिरव. ही मेहनत नको म्हणून टॅब पातळ करण्याचा मोह होईल. त्यापेक्षा संख्या कमी कर, जाडी नको.

पहिला पाय टाकाऊ प्लायवर कापून बघ, आणि टॅब काढलेल्या कडेचा जवळून फोटो पाठव. तो पाहिल्याशिवाय सागवानाला हात लावू नकोस.

तुझा,
आबाकाका