सीटी स्कॅन नॉर्मल, मग चिडचिड का?

प्रश्न : महिन्यापूर्वी घाटकोपरला गर्दीत लोकलच्या दांड्यावर डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. तरी डोकं दुखतं, मुलांवर उगाच ओरडतो, मग रडू येतं. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूच्या कामातला तात्पुरता बिघाड दिसत नाही. त्या बिघाडात भावनांवरचा ताबा सैल होतो. बहुतेकांना ३ महिन्यांत बरं वाटतं. झोप पुरेशी घ्या, मद्य टाळा, मोबाइल कमी करा. पण अंथरूण धरू नका, काम हळूहळू वाढवा. त्रास टिकला तर शीव रुग्णालयात दाखवा. मन खचलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.