धाग्याच्या जवळ जाताना

छायाचित्रणाचा छंद म्हटला की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतात ते माळशेजचे धबधबे, नाहीतर स्नेहसंमेलनातील समूहचित्रे. ‘मॅक्रो’ छायाचित्रणावरील पुस्तके उघडून पाहावीत, तर त्यांत दवबिंदू, फुलपाखरांचे पंख आणि माशीचे डोळे यांचीच गर्दी. दवबिंदूंसाठी भिवंडीकराला पहाटे उठून गावाबाहेर जावे लागेल. कापड मात्र त्याच्या दाराशी आहे. म्हणून गेले वर्षभर घरच्या टेबलावर मी जे प्रयोग केले ते कापडावरच केले.

भिंगाचे आणि कापडाचे नाते तसे जुनेच आहे. रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुईचे टोक आणि वस्तऱ्याची धार यांच्या पाठोपाठ तलम कापडाचे आणि रेशमाचे निरीक्षण येते. पाण्याच्या थेंबातील जीवसृष्टी जगाला दाखविणारा लेव्हेनहुक हा तर डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी होता. आपल्या गावातही कापडाच्या व्यापाऱ्यांच्या खिशात घडीचे एक छोटे भिंग असते. त्याला ‘पिक ग्लास’ म्हणतात. त्याच्या तळाशी एक इंचाची चौकोनी खिडकी असते, आणि त्या खिडकीत दिसणारे आडवे धागे मोजायचे असतात.

हे धागे कशासाठी मोजतात, हे यंत्रमागाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगावयास हवे. धोटा एकदा मागाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेला की बाण्याचा एक धागा पडतो. तो एक पिक. कंत्राटावर विणणाऱ्या छोट्या मागवाल्याला सूत व्यापारी देतो आणि विणाईचा दर ठरतो तो मीटरमागे दर पिकाला इतके पैसे, असा. आता साठ पिकांचे कापड अठ्ठावन्न मोजले गेले तर तिसावा हिस्सा गेला. हजार मीटर विणून तेहतीस मीटरांची मजुरी हातची जावी, असा हा हिशेब आहे. भिंग एकाच्या खिशात आणि मजुरी दुसऱ्याची, ही स्थिती मला पहिल्यापासून खटकत होती. दोघांनाही एकाच वेळी पाहता येईल असे चित्र घरच्या घरी काढता येईल काय, एवढाच माझा प्रश्न होता.

साधने अगदी बेताची. जुन्या बाजारात मिळालेले पन्नास मिलिमीटरचे हाताने फिरवावयाचे भिंग, लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि या दोहोंच्या मध्ये बसवावयाच्या पोकळ नळ्या. नळ्यांत काच नसते. त्या फक्त भिंगाला कॅमेऱ्यापासून पुढे नेतात. हिशेब सोपा आहे: भिंग अनंतावर ठेवले असता नळीची लांबी भागिले भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे प्रतिमेचा आकार. पन्नास मिलिमीटरची नळी लावली तर वस्तू आणि प्रतिमा एकाच मापाची होतात. यालाच ‘एकास एक’ म्हणतात. छंदिष्ट मंडळींना या ‘एकास एक’चे मोठे आकर्षण असते. माझ्या कामाला ते निरुपयोगी ठरले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे बावीस मिलिमीटर रुंद, आणि इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, सबंध इंच चौकटीत मावतच नाही. अर्धा इंच मोजून दुप्पट करावी, तर चूकही दुप्पट होते. शेवटी १२ आणि २० मिलिमीटरच्या दोन नळ्या मिळून ३२ मिलिमीटर केले. प्रतिमा वस्तूच्या ०.६४ पट झाली आणि सुमारे पस्तीस मिलिमीटर कापड चौकटीत आले. साठ पिकांच्या कापडात दोन पिकांमधील अंतर ०.४२ मिलिमीटर भरते. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात तेवढ्या अंतराला सत्तरावर ठिपके मिळतात. मोजणीला याहून अधिक कशाला हवे?

जवळ जाण्याची किंमत मात्र मोजावी लागते. छिद्र f/8 वर ठेवले तरी नळ्यांमुळे ते f/13 सारखे वागते, म्हणजे प्रकाश पावणेतीन पटींनी घटतो. सुस्पष्टतेची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर उरते. कापडाला एक सुरकुती असली की एक कोपरा स्वच्छ आणि दुसरा धुक्यात. छिद्र आणखी बारीक करावे तर विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. उपाय साधा आहे: कापड काचेवर टाचणीच्या ओढीशिवाय सपाट पसरावे आणि कॅमेरा त्याला अगदी समांतर ठेवावा. कापडाच्या जागी छोटा आरसा ठेवून पाहिला आणि भिंगाचे प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर आले की समांतर झाले असे समजावे.

प्रकाशाने मला सर्वांत अधिक शिकविले. समोरून दिवा टाकला की कापड पांढऱ्या कागदासारखे सपाट दिसते. तोच दिवा टेबलाच्या पातळीला आणून तिरपा टाकला की प्रत्येक धाग्याला सावली पडते. परंतु दिशा महत्त्वाची. बाण्याचे धागे मोजावयाचे असतील तर उजेड ताण्याच्या दिशेने यावयास हवा. तो बाण्याच्या दिशेने आला तर उभे धागेच उठून दिसतात आणि पिक बुडतात. याच तिरप्या उजेडात सुताचा पीळही डावीकडे की उजवीकडे ते कळते. सुती धाग्याभोवती तंतूंची लव दिसते, पॉलिएस्टरचा अखंड तंतू मात्र तारेसारखा चकाकतो.

आमच्या घराच्या मागील भिंतीला लागून मागांचा कारखाना आहे. माग चालू असताना टेबलावरच्या पेल्यातील पाण्यावर वलये उठतात. पाव सेकंदाच्या उघडझापीत टेबल एक दशांश मिलिमीटर हलले तरी ते दोन पिकांमधील अंतराच्या जवळजवळ चौथ्या भागाइतके झाले. तिपाईने काही साधत नाही, कारण तिपाईही त्याच जमिनीवर उभी! मग साधा फ्लॅश सर्वांत कमी ताकदीवर, बाजूने, पातळ कागदाआडून वापरला. त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात भिंतीला हलावयास सवडच मिळत नाही.

मोजपट्टीचाही एक पेच आहे. एक मिलिमीटर जाडीची पट्टी कापडावर ठेवली की तिची वरची बाजू भिंगाला तेवढी जवळ येते आणि पट्टीवरचा इंच चित्रात किंचित मोठा भासतो. साठ पिकांत जवळपास अर्ध्या पिकाचा फरक पडतो, आणि तोही विणकराच्या बाजूने. असले चित्र घेऊन भांडावयास जाणे मला पटेना. तेव्हा कापडाखाली पट्टीच्याच जाडीचा पुठ्ठा घालून दोन्ही एका पातळीवर आणले.

शेजारच्या चाचांचे चार माग आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांचे साठ पिक ठरलेले कापड व्यापाऱ्याच्या माणसाने भिंग एकाच ठिकाणी टेकवून अठ्ठावन्न ठरविले. चाचांनी तुकडा माझ्याकडे आणला. “बेटा, तुझ्या मशीनमध्ये काय दिसतं ते सांग. कमी असेल तर कमी सांग.” मी एका मीटरात पाच जागी चित्रे घेतली. साठ, साठ, एकोणसाठ, साठ, आणि एका जागी सत्तावन्न. त्या सत्तावन्नच्या चित्रात धागे विरळ झालेला एक पट्टा स्पष्ट दिसत होता. चाचांनी तो पाहताच ओळखला: वीज जाऊन माग थांबला आणि पुन्हा सुरू झाला, त्या जागेची ती खूण होती. सत्तावन्नचे चित्र बाजूला ठेवावे काय, असा विचार माझ्या मनात येण्यापूर्वीच त्यांनी पाचही चित्रे मोबाईलवर मागून घेतली.

व्यापाऱ्याच्या माणसाने चित्रे मोठी करून स्वतः बोटाने धागे मोजले. फोटो म्हणजे कापड नव्हे, असे तो म्हणाला. ते खरेच आहे. पण मग त्याने भिंग काढून कापडावरच आणखी चार जागी टेकविले. सौदा एकोणसाठवर तुटला. चाचांना तो पुरता मान्य नव्हता. आता ते नवे कापड मागावरून उतरले की एक वीतभर तुकडा आमच्याकडे पाठवितात. तो मी रात्रभर तसाच सैल पडू देतो, कारण मागावर ताणलेले कापड उतरल्यावर आकसते आणि इंचातील पिक थोडे वाढतात. चित्र सकाळी घेतो.