पोस्ट टाकण्याआधी आत्याचं ऐक

पोरी, राजगडाच्या पायथ्याशी जेवणाची सोय केलीस, फोनवर त्याचं पान काढलंस, झकास झालं. आता जो तो सांगेल, रोज काहीतरी टाक, स्वतःला पुढं कर. टाक की. फक्त एवढं बघ.

१. ‘निसर्गाच्या कुशीत’ आणि ‘अस्सल गावरान चव’ नको — ते सगळ्यांच्याच पाटीवर असतं, त्यातून तुझी चूल ओळखू येत नाही. आज पिठल्यासोबत काय आहे ते लिही.

२. तांदूळ इंद्रायणी असेल तर इंद्रायणीच म्हण. आंबेमोहोर त्याच्याच घराण्यातला, पण नातू आजोबांच्या नावावर खपवू नये — वासावरून ओळखणारी माणसं पुण्यातही आहेत.

३. पालीची पायऱ्यांची वाट चोरदरवाज्यापेक्षा सोपी, हे जरूर सांग. त्याच दमात ‘पावसात निसरडी’ हेही सांग — घसरून खाली आलेला माणूस तुझ्या भाजीचं कौतुक लिहीत बसत नाही.

४. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. समोर दिसतो म्हणून त्यालाही आत ओढू नकोस — एक थाप सापडली की लोक तुझ्या दरांवरही शंका घेतात.

५. ‘आम्ही मावळ्यांचे वंशज’ हे उठता-बसता नको. वरंधा घाटापलीकडं शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. त्यातल्या मूर्खलक्षणांत आपली आपण स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, दोघांना एकाच ओवीत बसवलंय! वाडवडिलांनी गड राखला असेल. तू रविवारी गडावरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आणल्यास तर ते लिही — तेवढं तुझं स्वतःचं आहे.

६. गड चढणारा धापा टाकतो, न चढणारा फोटो टाकतो. सुवेळा माचीचं नेढं दुसऱ्या कुणी टिपलं असेल तर विचारून घे, खाली त्याचं नाव घाल — विचारायला एक फोन लागतो, भांडण मिटवायला दहा.

७. आईचा चुलीपुढचा फोटो तिला दाखवूनच टाक — घामेजलेला चेहरा तुझ्या मावशीनं बघितला की फोन मला येतो.

८. लावणीच्या दिवसांत काही सुचलं नाही तर ‘लावणी चालू, जेवण फक्त रविवारी’ एवढंच लिही — कारण कळलं की गिऱ्हाईक थांबतं, नुसतं गप्प राहिलीस तर खानावळ बंद पडली समजतं.

९. कुणी ‘भाकरी करपली होती’ असं लिहिलं, तर चुलतभावांची फौज त्याच्यावर सोडू नकोस — आधी वहिनीला विचार, खरंच करपली होती का.